हप्त्यावर नवे, की बाजारातले जुने? कपड्यांच्या ₹18,000 चा हिशोब

एका वाचक तरुणीचा प्रश्न थोडक्यात: राहायला खानापूर, वय 26, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात. हातात पगार ₹19,000. घरी द्यायचे पैसे, जेवण, फोन धरून अटळ खर्च ₹14,000. बचत खात्यात ₹20,000, बाकी गुंतवणूक नाही. यूपीआयच्या नोंदी चाळल्यावर कळलं की गेल्या सहा महिन्यांत कपड्यांवर महिन्याला सरासरी ₹2,400 गेलेत. उरलेले एलआयसीचा हप्ता आणि भिशीत जातात. "तरी रोज सकाळी घालायला काही सापडत नाही." आता दिवाळीच्या सेलमध्ये 15 नवे कपडे ₹18,000 ला, क्रेडिट कार्डाच्या सहा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यावर घ्यावेत, की आठवडी बाजार आणि इन्स्टाग्रामवरून ₹300 च्या भावाने 20 वापरलेले कपडे ₹6,000 त उचलावेत? आईचं मत: "दुसऱ्याच्या अंगावरचं आपल्या अंगावर कशाला?"

उत्तर

हप्ता घेऊ नका. जुने कपडे घ्या, पण वीस नकोत, बारा पुरे. आणि काही वस्तू नव्याच घ्या. सगळं मिळून ₹9,500 च्या आत बसतं, तेही चार महिन्यांत, सध्याच्याच ₹2,400 मधून.

आधी हप्त्याचं बघू. 'नो कॉस्ट' मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून वळती करतो. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मात्र तुमच्याकडून जातो. ₹18,000 वर वर्षाला 15 टक्के दर धरला तर सहा महिन्यांचं व्याज साधारण ₹790, त्यावर जीएसटी ₹140 च्या आसपास. प्रक्रिया शुल्क ₹199 धरलं तर करासह ₹235. म्हणजे जादा खर्च पावणेचारशे. हा काही फार मोठा आकडा नाही, आणि तो मोठा करून तुम्हाला घाबरवण्यात अर्थ नाही. अडचण दुसरीकडे आहे. हप्ता ₹3,000 चा, तुमच्याकडे कपड्यांना जागा ₹2,400 ची. दर महिन्याला ₹600 बचतीतून काढावे लागतील, आणि सहा महिन्यांत एकही चप्पल तुटायची नाही अशी अट पाळावी लागेल. एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही तर थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांच्या घरात व्याज बसू शकतं. सेलच्या जाहिरातीत 'जीएसटी कपात' असं लिहिलेलं दिसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून ₹2,500 पर्यंतच्या कपड्यांवर 5 टक्के कर आहे हे खरं, पण तो सेल नसतानाही तेवढाच असतो.

आता तुमचे ₹6,000. हा आकडा अपुरा आहे. ₹300 ला घेतलेला कपडा अंगावर नीट बसेपर्यंत त्याला आणखी पैसे लागतात. वीसपैकी दहा कपडे शिंप्याकडे जातील असं धरा, सरासरी ₹120 प्रमाणे ₹1,200. आठ कपडे ऑनलाइन मागवले तर कुरिअरचे ₹80 प्रमाणे ₹640. एकूण झाले ₹7,840. आणि कितीही जपून घेतले तरी चार कपडे कपाटातच राहतील. रंग फोटोत वेगळा दिसला, मुंढ्यात काचतंय, असं काहीतरी निघतंच. मग 16 कामाच्या कपड्यांवर ₹7,840, म्हणजे कपड्यामागे ₹490. तुमचा खरा भाव हा.

₹490 तरीही नव्या ₹1,200 पेक्षा स्वस्तच. नवा कुर्ता 100 वेळा घातला तर घालण्यामागे ₹12. जुना कुर्ता 60 वेळाच टिकला तरी ₹8 च्या आसपास पडतो. पण हे गणित सगळीकडे लागू होत नाही. ₹350 ची नवी लेगिंग 70 वेळा घातली तर एका वेळेला ₹5. ₹120 ची जुनी लेगिंग पंधरा वेळात गुडघ्यावर फुगते, म्हणजे ₹8. लवचीक धागा एकदा मेला की परत येत नाही. म्हणून लेगिंग, आतले कपडे, मोजे आणि चपला-बूट नवेच. चपलेचा तळवा आधीच्या माणसाच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो, तो तुमच्या पायाला जुळत नाही.

बाजारात जाण्याआधी एक संध्याकाळ घरीच घालवा. सहा महिन्यांत ₹14,400 खर्चूनही घालायला काही नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा वरचे कपडे भरपूर आणि खालचे नाहीत, असा असतो. सगळे कपडे पलंगावर काढा. गेल्या महिन्यात दोनदा तरी घातलेले एका बाजूला ठेवा. त्यांतले जे दोन रंग सारखे येतात, समजा गडद निळा आणि विटकरी, तेच तुमचे रंग; नवं काही शोधायची गरज नाही. बाजारात हातात घेतलेला कपडा घरातल्या किमान तीन कपड्यांबरोबर जमत असेल तरच घ्यायचा. सगळ्यांत चांगला बसणारा एक कुर्ता आणि एक पँट सपाट अंथरून टेपने मापं घ्या: खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत, काखेपासून काखेपर्यंतची रुंदी, उंची, बाही, पँटची कंबर, मांडी आणि आतली लांबी. ही मापं फोनमध्ये ठेवा. लेबलवरचा 'एम' किंवा 'एल' प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि धुऊन आटलेल्या कपड्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही. जुन्या सुती कपड्याचा एक फायदा आहे: जेवढा आटायचा तेवढा आटून झालेला असतो, बाजारात जसा बसला तसाच घरी बसतो. रेयॉनचं तसं नाही, तो नंतरही आखडू शकतो.

शिंपी काय करू शकतो आणि काय नाही, यावर अर्धे पैसे वाचतात. पँटची उंची कमी करणं, कुर्त्याच्या बगला आत घेणं, बाही आखूड करणं ही सोपी कामं. कंबर दोन इंचांपर्यंत आत घेता येते; त्यापुढे मागचे खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. सैल करायचं असेल तर आधी कपडा उलटा करून शिवणीत किती कापड दाबलंय ते बघा. तयार कपड्यांत बहुधा जेमतेम असतं, शिंप्याने शिवलेल्यात एक इंचही सापडतो. खांदा मोठा असेल तर कपडा ठेवून द्या. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा, बाही परत बसवायची. मजुरी कपड्याच्या किमतीवर जाते आणि काम नीट होईलच याचा भरवसा नाही. खांदा बरोबर आणि बाकी सैल असेल, तर निर्धास्त घ्या.

कपडा तपासायला दोन मिनिटं लागतात. काखेची शिवण, कॉलरची धार, बाहीचं टोक, पँटच्या मांडीची आतली बाजू, झिप. कापड उजेडासमोर धरा. विरलेलं असेल तर तिथून उजेड जास्त येतो. काखेत पिवळसर कडक डाग असतील तर तो घाम आणि डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमचा थर असतो. क्लोरीनवाल्या ब्लीचने तो आणखी पिवळा होऊ शकतो, ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवल्यास फिकट होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. डाग असलेल्या कपड्याला आधी इस्त्री लावू नका, उष्णतेने डाग पक्का बसतो. रेशमी साडी घडीवर दोन्ही हातांनी हलकी ताणून बघा; वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम तिथेच चिरतं. खानापूर भागात पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपड्यांना कुबट वास असतोच. वास दोन धुण्यांत आणि उन्हात जातो. बुरशीचे काळे ठिपके जात नाहीत, ते दिसले तर कपडा खाली ठेवा.

घरी आणल्यावर पहिलं धुणं वेगळं करा. सुती कपडे लेबलवर चालत असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा. लोकरीचं स्वेटर असेल तर कसरीची अंडी मारायला पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवता येतं, मग कोमट पाण्यात हाताने धुवा.

खरेदी दसरा ते जानेवारी या काळात करा. दिवाळीच्या साफसफाईत लोक कपाटं रिकामी करतात, ओळखीच्यांकडूनही चांगला माल निघतो. थंडीत स्वेटर-जाकिटांचे ढीग येतात. जूनमध्ये मात्र जुनी जाड जीन्स घेऊ नका. खानापूरच्या पावसात ती दोन दिवस वाळत नाही, मग पर्याय म्हणून तुम्ही आणखी एक घेता. बाजारात 'एक्स्पोर्टचा माल' म्हणून जे मिळतं ते बहुधा वापरलेलं नसतं, नवं पण दोष असलेलं असतं. त्यात दोष सापडेपर्यंत पैसे देऊ नका, कारण तो कुठेतरी असतोच: एक बाही अर्धा इंच लांब, नाहीतर रंगाची पट्टी.

प्रवासाचा खर्च मी धरला नाही, कारण शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकिटाला पैसे लागत नाहीत. बेळगाव, निपाणी, संकेश्वरचा बाजार त्यामुळे फुकटात होतो. कोल्हापूरला जायचं ठरवलं तर ही सवलत लागू होत नाही. तीनशेच्या कुर्त्यासाठी तेवढं जाणं पटण्यासारखं नाही.

आईच्या म्हणण्यावर आर्थिक सल्लागाराने काय बोलावं? तो त्यांच्या मनाचा प्रश्न आहे. पण घरातल्या जुन्या साड्यांवर त्यांची हरकत नसावी, आणि आपल्या भागात तोच सगळ्यांत चांगला जुना माल आहे. साडेपाच मीटरच्या, 44 इंच पन्ह्याच्या साडीतून दोन कुर्ते निघतात. मावशीची शहापुरी किंवा आजीची इरकल असेल तर एक काळजी घ्या. इरकलीत अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम विणताना एकमेकांत अडकवून जोडलेलं असतं. तो जोड मधून कापला तर उसवत जातो. कात्री लावण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंनी मशीनची शिलाई मारून घ्यायला शिंप्याला सांगा. लाल पदर पहिल्यांदा एकटाच धुवा. कापड फुकट असलं तरी शिलाई आणि अस्तर धरून कुर्त्याला ₹500 च्या वर जातील, म्हणजे बाजारातल्या जुन्या कुर्त्याएवढेच. तेव्हा स्वस्त म्हणून शिवू नका. कापड आवडतं आणि आई खूश होते, यासाठी दोन शिवा आणि ते बारातच मोजा.

बारा म्हणजे असे: कुर्ते आणि शर्ट सात, पँट-जीन्स तीन, एक जाकीट, एक ओढणी. ₹490 प्रमाणे ₹5,880. नव्यात तीन लेगिंग ₹1,050, आतले कपडे ₹1,350, चपला ₹1,200, मिळून ₹3,600. एकूण ₹9,480. चार महिन्यांचे ₹2,400 म्हणजे ₹9,600. पहिल्या महिन्यात फक्त पँट-जीन्स घ्या, कारण अडलंय तिथे. मर्यादा रुपयांत ठेवू नका, नगांत ठेवा. ₹300 ही रक्कम इतकी लहान आहे की प्रत्येक वेळी 'एवढंच तर' वाटतं, आणि जुन्या कपड्यांच्या नादी लागलेल्यांचा महिन्याचा खर्च बऱ्याचदा आधीपेक्षा वाढतो. तेरावा आवडला तर आधीचा एक घराबाहेर गेला पाहिजे.

बाहेर काढायचे कपडे चांगले असतील तर तुम्हीही विकू शकता. स्वतःच्या वापरातले कपडे प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे त्या चार-पाचशेंवर कराची चिंता नको. विकत घेऊन विकायला लागलात तर तो धंदा झाला, त्याचं उत्पन्न दाखवावं लागतं. अगदीच विरलेले असतील ते बोहारणीला द्या, एखादं पातेलं मिळेल.

पाचव्या महिन्यापासून कपड्यांना ₹1,000 ठेवा आणि ₹1,400 पगाराच्याच दिवशी आपोआप वळते करा. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा अटळ खर्च हाताशी हवा. तुमचा तो होतो ₹42,000, जवळ आहेत ₹20,000. कमी पडणारे ₹22,000 सोळा महिन्यांत जमतात. त्यासाठी बँकेची एक वर्षाची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) घ्या, नंतर ती पुढे चालू ठेवा. पोस्टाच्या आरडीला व्याज चांगलं आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. अडीअडचणीच्या पैशाला ते चालत नाही. क्रेडिट कार्ड बंद करायची गरज नाही, फक्त खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला कार्ड नंबर आजच काढून टाका, सेल सुरू व्हायच्या आधी.