शाळेमागचा नाला कोणत्या समुद्राला जातो?

प्रश्न : सर, मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला भूगोल शिकवते. नकाशा भरण्यात माझ्या वर्गाला चांगले गुण पडतात. परवा सहज विचारलं, शाळेमागच्या नाल्याचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला जातं? बहुतेकांनी ‘अरबी’ म्हणून टाकलं. मग मी शिकवलं की नाही? मुख्याध्यापक तर फक्त निकालाचा टक्का बघतात.
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, गुणही खरे आणि ‘अरबी’ची चूकही खरी. नकाशात गोदावरी कुठं काढायची ते पोरांना पाठ आहे. ती आपल्या नाल्याला जोडलेली आहे का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

प्रश्न मात्र नामी काढलात, तो सोडू नका. तुमच्याकडचं पाणी अडाण नदीत, अडाण पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत. वर्धा-वैनगंगेची होते प्राणहिता, ती गोदावरीला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागरात जातं. हाच प्रश्न अकोल्यात विचारा, उत्तर उलटं. तिथली पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. अमरावती जिल्ह्यात काही गावं पूर्णेच्या खोऱ्यात, काही वर्धेच्या. तिथं तर तालुका बदलला की समुद्र बदलतो. कोणत्या गाईडात सापडणार हे?

पण तोंडी विचारून सोडू नका. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरचा एक जण बोलतो आणि बाकीचे त्याचीच री ओढतात. अर्ध्या कागदावर लिहून घ्या : कोणता समुद्र, आणि कशावरून? गुण ‘कशावरून’ला. कागद हाती आले की लगेच लाल पेन उचलू नका, आधी गठ्ठे करा. एका गठ्ठ्यात निघेल, ‘समुद्र मुंबईले हाय म्हून’. या पोरांना अंतर कळतं, उतार कळलेला नाही. दुसऱ्यात निघेल, ‘नदी खाली जाते म्हून दक्षिणेले’. इथं घोळ भिंतीवरच्या नकाशाचा आहे : कागदाची खालची बाजू म्हणजे उतार, असं त्यांनी धरलंय. तो नकाशा खिळ्यावरून उतरवा, अंगणात उत्तरेकडं तोंड करून अंथरा आणि त्यावर बोटानं अडाण ते पैनगंगा चालवा.

आणि एखादा पठ्ठ्या लिहील, ‘नाला होळीलोक आटते, समुद्रात काहीच जात नाही’. त्याला मी तरी गुण देईन. त्यानं नाला पाहिलाय. त्याला पुढचा प्रश्न टाका : मग ते पाणी गेलं कुठं? विहिरीत, हवेत, की कुणाच्या मोटारपंपानं वावरात?

उत्तर वऱ्हाडीत आलं म्हणून गुण कापू नका, तो तास मराठीचा नाही.

आता तुमच्या शिकवण्याचं. अर्धा वर्ग एकाच रीतीनं चुकला, तर गळालेली कडी तुमच्या पाठातली. प्रत्येक जण वेगवेगळा चुकला, तर एकेकाजवळ बसावं लागेल. पाठ पुन्हा घ्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि तोच प्रश्न गाव बदलून विचारा. पूर्णेकाठी कुणाची मावशी राहत असेल, तिच्या गावचा नाला घ्या. आता कारणात उतार आणि उपनद्या आल्या, तर शिकवणं पोचलं. आधीचे आणि नंतरचे गठ्ठे मुख्याध्यापकांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. टक्क्यापेक्षा ते जास्त बोलतात, आणि बहुतेक मुख्याध्यापकांना ते वाचताही येतात.

एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. त्यानं वर्गाचा कच्चा आराखडा काढायचा आणि तुम्ही ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या जागी टिंब द्यायचं, बस्स. टिंबं कुठं दाटतात ते बघाच.

या सगळ्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या तपासणीत, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आहेतच. पण प्रकल्प म्हटलं की थर्माकोलचा ज्वालामुखी येतो, आणि दरसाल आपण गुण देतो ते कुणाच्या तरी काकाला!

प्रश्न : चाचणीत ‘महाराष्ट्रात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो’ असं विधान होतं. नववीतल्या माझ्या मुलीनं ‘चूक’ लिहिलं. गुण कापला. दाद मागावी का?
— एक पालक, गोंदिया जिल्हा

उत्तर : जरूर मागा, पण भांडायला जाऊ नका. पोरगी बरोबर आहे. सह्याद्री ओलांडला की पर्जन्यछायेत पाऊस एकदम घटतो. विधान तिथवरच चालतं. पुढं विदर्भात तो पूर्वेकडं पुन्हा वाढतो, कारण बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात याच बाजूनं आत सरकतात. बुलडाण्यात कपाशी-सोयाबीन आणि तुमच्याकडं धान, यात पावसाचा हात मोठा आहे. जमिनीचाही आहे : काळी कसदार माती बेसॉल्टची, आणि तो खडक नागपूरच्या आसपास संपतो.

सरांना एवढंच म्हणा, हिला ‘चूक’ का वाटलं ते एकदा विचारून बघा. तिनं बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) पाण्याचं आणि गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं कारण दिलं, तर एक गुण परत द्यायला कुणाची हरकत नसावी. पुढच्या चाचणीत त्या विधानाखाली ‘कारण लिहा’ एवढी एक ओळ वाढवायलाही त्यांना सांगा.