घर बांधताना माल आपण आणला तर खरंच पैसे वाचतात का? भाव कुठे करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात मांजरी भागात गुंठाभर जागा, तळमजला अधिक एक, साधारण १५०० चौरस फूट बांधकाम. ठेकेदार म्हणतो विथ मटेरियल (मालासकट) द्या, मेहुणे म्हणतात लेबर रेटने (फक्त मजुरीवर) द्या आणि माल आपण आणा.

मेहुण्यांचं निम्मं ऐका. सिमेंट, स्टील, टाइल्स, वायरिंगचं आणि प्लंबिंगचं सामान तुम्ही आणा. खडी, क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) आणि विटा ठेकेदारालाच आणू द्या, पैसे मात्र माल मोजून द्या. धायरीचं आमचं घर याच पद्धतीने झालं. सिमेंट-स्टीलवर कंपनी आणि ग्रेड छापलेला असतो, त्यामुळे बदलून आलं तर कळतं. क्रश सँडची गाडी पहाटे येणार, रॉयल्टीची (सरकारी खनिज शुल्काची) पावती बघायची, गल्लीत डंपर अडकला की शेजारी बाहेर येणार. नोकरी सांभाळून हे जमत नाही आणि ठेकेदाराचे क्रशरवाले रोजचे असतात.

आता भाव. लोक सिमेंटच्या पिशवीमागे १० रुपयांसाठी चार दुकानं फिरतात. ढोबळ हिशोबाने चौरस फुटाला ०.४ पिशवी सिमेंट आणि चारेक किलो स्टील लागतं. म्हणजे तुम्हाला ६०० पिशव्या आणि सहा टन स्टील. पिशवीमागे १० रुपये सुटले तरी अख्ख्या घरात ६,००० वाचले. उलट ठेकेदाराने बाल्कनी, छज्जा, जिन्याचं हेडरूम (गच्चीवरची जिन्याची खोली), पॅरापेट (गच्चीचा कठडा) धरून एरिया १०० फुटांनी वाढवला, तर २,००० दराने (आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय) दोन लाख गेले. म्हणून दर शेवटी बोला. आधी 'एरिया कसा मोजणार' ते कागदावर घ्या: बाल्कनी पूर्ण की अर्धी, जिना दोन्ही मजल्यांवर धरणार का, पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक दरात की वेगळे. जो ठेकेदार सगळ्यात कमी दर सांगतो तो बहुतेक वेळा इथेच भरून काढतो.

लेबर रेटमध्ये काय काय येतं हेही तसंच लिहून घ्या. सेंटरिंगचं (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं) सामान, मिक्सर, व्हायब्रेटर, परांची त्याची असतेच. पण बाइंडिंग वायर (सळया बांधायची तार), खिळे, कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे), माल वर चढवणं, स्लॅबवर पाणी मारणं यावरून काम सुरू झाल्यावर वाद होतात. (स्लॅबच्या दिवशीचं मटणाचं जेवण तुमच्याकडे, त्यावर घासाघीस करू नका.)

स्टील घेताना भाव जीएसटीसह, साइटवर पोच आणि उतरवून असा विचारा, नाहीतर हमाली वरून निघते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे कुणी जुन्या कोटेशनचा कागद पुढे केला तर तारीख बघा. स्टीलचा दर रोज हलतो, म्हणून एकाच दिवशी तीन ठिकाणी फोन करा. आज एक आणि परवा दुसरा अशी तुलना निरुपयोगी. गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा वजन तुम्ही निवडलेल्या काट्यावर करा. मग एक सळई तपासा. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ ने भागला की मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलो भरायला हवी. आयएस १७८६ (सळईचं भारतीय मानक) प्रमाणे या जाडीला पाच टक्के इकडेतिकडे चालतं. दहा किलोच्याही खाली गेली तर गाडी परत. बिल 'नगावर' करू म्हणणाऱ्याकडून तर हे तपासल्याशिवाय घेऊच नका.

लेबर रेटचा खरा तोटा नासाडीचा. माल तुमचा, त्यामुळे गवंड्याला भिंतीखाली सांडलेल्या मसाल्याचं दुःख नसतं. उपाय एकच, हिशोब माहीत असणं. ७०० फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सव्वाआठ घनमीटर काँक्रीट. एम २० ग्रेडच्या काँक्रीटच्या १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिक्सला घनमीटरमागे आठेक पिशव्या, म्हणजे नुसत्या स्लॅबला पासष्ट-सहासष्ट, बीम वेगळे. संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजायची सवय ठेवा. आणि सिमेंट एकदम भरून ठेवू नका. पिशवीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुना माल नको.

क्रश सँड ब्रासवर असते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात गुणा, १०० ने भागा. उंची चार ठिकाणी सळई खुपसून बघा, कारण कडेला चढवून मध्ये खळगा ठेवलेला असतो. ओली वाळू फुगते, तेवढ्याच ब्रासमध्ये माल कमी येतो.

टाइल्स मार्केट यार्ड-गंगाधाम भागात बघा, इलेक्ट्रिकलचं सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. टाइल्सचा माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीचाच, त्यामुळे दुकानदारापेक्षा बॅच नंबर महत्त्वाचा. सगळे बॉक्स एकाच बॅचचे, पाच ते दहा टक्के जास्त, आणि न फोडलेले बॉक्स परत घेणार हे बिलावर लिहून घ्या. इथे फुटामागे पाच रुपये सुटण्यापेक्षा ही ओळ जास्त मोलाची ठरते.

पैसे टप्प्यांत द्या: प्लिंथ (जोतं), प्रत्येक स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. होळीला आणि छठपूजेला मजुरांची टोळी गावी जाते, त्याआधी झालेल्या कामापेक्षा जास्त उचल देऊ नका. शेवटचे पाच टक्के गच्चीवर एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे, हे मात्र पहिल्या दिवशीच बोलायचं. नंतर काढलंत तर तो ऐकणार नाही.