गिटारला गवसणी नको

चिरंजिवास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ऐरोलीहून गाडीच्या गर्दीत गिटार छातीशी धरून आलास, स्टेशनपासून नौपाड्यापर्यंत चालत आलास, पाऊण तास बसलास, दोनदा चहा घेतलास. अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकर) कोणता घेऊ, गिटारच्या कडेची बटणं फिरवली तरी आवाज तोच का, मित्र म्हणतो इलेक्ट्रिकच घ्यायची होती, एफ कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांची पकड) लागत नाही, विकून टाकू का, सगळं विचारून झालं. त्या पाऊण तासात बॅगेची चेन मात्र तू एकदाही उघडली नाहीस. तू गेल्यावर माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. तोंडावर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते.

बटणांचं आधी उरकते. दुकानदार जिला सेमी-अकॉस्टिक म्हणतात तीच ही. तारा पेटीला जिथे अडकवतात त्या ब्रिजवर जी पांढरी पट्टी आहे, तिच्याखाली एक बारीक पीझो पट्टी दडवलेली असते. तारा थरथरल्या की तिच्यावर दाब पडतो, त्यातून अगदी क्षीण वीज निघते आणि कडेला बसवलेला प्रीअँप ९ व्होल्टच्या सेलवर ती वाढवून केबलमध्ये सोडतो. बास, ट्रेबल, व्हॉल्यूम ही सगळी बटणं त्या विजेसाठी. केबलच जोडलेली नसेल तर ती फिरवून काय होणार? तारा सुरात लावायचा ट्यूनर तेवढा केबलशिवाय चालतो, तो रोज वापर. आणि जॅकमध्ये केबल खुपसली की प्रीअँप आपोआप चालू होतो, तू वाजव नाहीतर झोप. वाजवून झालं की केबल काढायची, नाहीतर सेल फुकट जातो.

अ‍ॅम्प घेऊ नकोस. ई मायनर कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना तुझा हात अडतो म्हणालास, ते अडणं मोठ्याने ऐकायची हौस कशाला? मी ती हौस केली आहे. २००४ साली ऑफिसच्या कार्यक्रमात, वाजवायला लागून वर्ष झालेलं, थाटात केबल लावून स्पीकरसमोरच उभी राहिले. गिटारच्या पोकळ पेटीने स्पीकरचा आवाज परत उचलला आणि अशी कुईं निघाली की साहेबांनी कानांवर हात ठेवले. पुढे काय वाजवलं ते कुणाला आठवत नाही, मलासुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. गिटार बॅगेबाहेर ठेव.

माझी मी २००३ मध्ये घेतली होती. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब लिहायचे. दिवाळीचा बोनस आणि वर थोडी साठवण. दोन वर्षं वाजली. २००५ ला लग्न होऊन खारेगावला गेले, जागा लहान, म्हणून गिटार माळ्यावर गेली. सासूबाईंनी वाजवू नकोस असं एकदाही म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ वर्षं मी ऐकणाऱ्याला उलटंच वाटू दिलं. ‘सासरी कुठलं आलंय गिटार’ म्हटलं की मैत्रिणी माना डोलवायच्या, आणि मलाही ते सोयीचं होतं. खरी गोष्ट एवढीच, की स्टूल आणा, बॅग ओढा, धूळ झटका, चेन उघडा, सुरात लावा, आणि मग वाजवा. त्या आधीच्या पाच गोष्टींतच माझी हौस संपायची. तुझी तर बॅग पायाशी होती, माळ्यावरही नव्हती.

२०१६ ला नौपाड्यात राहायला आलो तेव्हा ती खाली उतरली. आतला सेल गळून प्रीअँपच्या पट्ट्यांवर हिरवट पांढरं साचलेलं. ब्रिज मागच्या बाजूने उचललेला, खालून कागद सरकेल इतका. स्टीलच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढ धरतात, आणि मी त्या सैल न करता वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली गिटारला अकरा उन्हाळे शिजवलं होतं. कारागिराने ब्रिज पुन्हा चिकटवून दिला. प्रीअँप गेला तो गेलाच. माझी सेमी-अकॉस्टिक आता नुसती अकॉस्टिक आहे, कडेची बटणं शोभेला.

तू म्हणशील, क्लासच्या सरांनी पावसाळ्यात बॅगेतच ठेवायला सांगितलंय. त्यांचं चूक नाही. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत हवा ८० च्या खाली उतरायला तयार नसते. त्यात ऐरोलीला खाडी उशाशी. लाकूड ओल पितं, पुढची फळी फुगते, तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, वर उचलल्या जातात. पण कापडी बॅग ओल थोडीच अडवते? हार्ड केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलीस तर अडेल, मान्य. मात्र तू सांगितलेल्या किमतीत फळी लॅमिनेटची, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेलीच असणार, आणि ती सॉलिड लाकडापेक्षा दमट हवा जास्त सोसते. थोडी फुगली तर फुगू दे. फुगलेली गिटार वाजते. माळ्यावरची वाजत नाही, हे मी अकरा वर्षं तपासून पाहिलंय.

एफचं म्हणशील तर आधी फट मोज. सपाट एटीएम कार्डं तीन, एकावर एक, म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर ती ठेवून बघ, सगळ्यात जाड तार त्यांना जेमतेम टेकायला हवी. तार बरीच वर राहिली तर दोष तुझ्या बोटाचा कमी आणि गिटारचा जास्त. सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट करून घे, सगळ्यात बारीक तार .०१२ इंचाची असेल तर .०१० चा बारीक संच लावून घे. तोवर खालच्या चार तारांचा छोटा एफ धर, त्यात लाज कसली? बोटं दुखतात हे मला सांगू नकोस, सगळ्यांचीच दुखतात.

बाहेर म्हणजे कुठेही नाही. आतल्या भिंतीवर, जिला ओल येत नाही अशा. खिडकीपाशी नको, उन्हात नको, एसीच्या झोतात नको. वाजवून झालं की तारांवरून जुन्या सुती बनियनचा तुकडा फिरव, घामाने गंज चढतो.

माझी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खुंटीला असते. दुसऱ्यांदा शिकले ती कुकरवर. कुकर चढवायचा, गिटार खाली घ्यायची, तीन शिट्ट्या होईपर्यंत ई मायनर ते जी, जी ते सी. तिसरी शिट्टी झाली की परत खुंटीला. कधी सहा मिनिटं, कधी दहा. मधे बॅगेची चेन असती तर यातलं एक मिनिटही झालं नसतं. आमचे हे म्हणतात, फोडणीचा वास लाकडात मुरेल. मुरू दे. अकरा वर्षं माळ्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास मुरला तेव्हा कुणी काही बोललं नाही.

लहानपणी घंटाळीजवळ ज्या बाईंकडे गाणं शिकायला जायचे, त्या तंबोऱ्याला रोज गवसणी घालायच्या. शिवलेली, नाडीची. हे आठवलं आणि लिहिता लिहिता थांबले, कारण माझं सगळं म्हणणंच त्याने खोटं पडतं. मग लक्षात आलं, त्या पहाटे रोज ती काढायच्यासुद्धा. ज्याला काढणं जमतं त्याने खुशाल घालावी. तुला आणि मला जमत नाही. कॉलेजात आकाशाला गवसणी घालायची भाषणं ऐकतोस ना? ती आकाशालाच घाल.

विकायचं म्हणतोस, तर तीन आठवडे भिंतीवर टांग, मग विक. मी आडवी येणार नाही. पण बॅगेतली विकू नकोस. ती अजून तुझी झालेलीच नाही, विकणार काय?

रागावले असं वाटलं असेल. थोडी रागावलेच आहे, पण त्यातला निम्मा राग खारेगावच्या माळ्यावरचा आहे, तो मनावर घेऊ नकोस.

येत्या रविवारी ये. ९ व्होल्टचा सेल आणि .०१० च्या तारा मी आणून ठेवते, पैसे देऊ नकोस. पाऊस आहे, गाडीत बॅगेतूनच आण. आमच्या दारात आलास की आधी चेन उघड, गिटार हातात घे, आणि मग बेल वाजव.

तुझी,
मावशी