पहिला प्रश्न खोडून टाक

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे वीस प्रश्न मिळाले. खान्देशातल्या लेखक-कलावंतांना गाठून त्यांच्या कामाबद्दल त्यांच्याशीच बोलायचं मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. प्रश्न दोनदा वाचले. त्यातला पहिलाच, 'आपल्या निर्मितीमागची प्रेरणा काय?', आधी खोडून टाक.

का, ते सांगतो. पांझरेकाठच्या एका गावात मी एका वहीगायकाकडे, म्हणजे डफावर कथागीतं गाणाऱ्याकडे, गेलो होतो. डिसेंबरची रात्र, अंगणात शेकोटी. मी प्रेरणेचं विचारलं. 'देवनी किरपा' म्हणाले आणि गप्प बसले. मलाही पुढे काही सुचेना. मग त्यांनी शेकोटीत चार पऱ्हाट्या सारल्या आणि डफ जाळावर धरला. सावकाश फिरवायचा, मधूनच बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायचा. 'हे कशासाठी?' एवढंच मी विचारलं.

'हिवायामां चामडं निजी जास. पहिले त्याले उठाडनं पडस, मंग गानं.'

त्यानंतर ते तासभर बोलत होते. गळा बसला तर ओळ कुणाकडे सोपवायची, माणसं पेंगायला लागली की कथेतलं काय गाळायचं, वडिलांची चाल कुठे मोडली आणि ती मोडताना मनाला किती लागलं. प्रेरणा म्हणून मी जे शोधत होतो, ते सगळं त्या बोलण्यात होतं. माणूस आपल्या हातांबद्दल, अवजारांबद्दल मोकळेपणाने बोलतो. मनाचं एकदम विचारलं की तो अवघडतो.

पुढची चूक मात्र माझीच. छापायला देताना मी त्यांचं वाक्य 'सुधारलं': 'हिवाळ्यात चामडे शिथिल होते.' अंक घेऊन गेलो, नातवाने मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, 'हाई मी नही बोलनू.' इतकी वर्षं झाली, ते वाक्य अजून कानात आहे. तेव्हा अहिराणी, लेवा गणबोली, भिलोरी, पावरी, ज्या बोलीत माणूस बोलेल त्याच बोलीत टिपून घे. वाचकाला अडेल असं वाटलं तर अर्थ शेजारी दे, पण मूळ शब्द हलवू नकोस.

बहिणाबाईंचंच बघ. असोद्याला 1880 साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई. जात्यावर, शेतात गाणी म्हणायची. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने ती उतरवून घेतली, तीही तिच्या बोलीत. शुद्ध मराठीत घेतली असती तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? त्या 1951 च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक 1952 मध्ये निघालं. ते वाचून 'ही ओळ कशी गं सुचली?' असं त्यांना विचारायला जाणं कुणालाच शक्य नव्हतं. तुझ्या यादीतल्या तिघांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्याकडे आधी जा.

चाळीसगावला गेलास तर स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, ते सवड काढून पाहा. माणसं त्यांची एकच गोष्ट सांगतात: मूस वर्षानुवर्षं घराबाहेर का पडले नाहीत. ऐकायला गोड गोष्ट आहे, पण तिच्याखाली काम झाकलं जातं. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून, फोटोत अख्खं दृश्य उभं करणारा हा माणूस! उजेड कुठून घेतला, किती वेळा मांडलं-मोडलं, हे मला विचारावंसं वाटतं. आयुष्यातली चटकदार गोष्ट समोर आली की तू थांब आणि कामाकडे वळ.

लेखकांकडे जाताना त्यांचं वाचून जा. निदान सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं. खोडाखोड केलेलं एखादं पान दाखवाल का, असं विचार. एक खोडलेला शब्द समोर आला की दहा प्रश्न आपोआप निघतात. अर्धवट सोडलेल्या लिखाणाचं विचारायलाही भिऊ नकोस, फक्त हळू विचार. उत्तर यायला वेळ लागला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. ती शांतता तुला लांबलचक वाटेल, समोरच्याला वाटत नाही.

फोनवर रेकॉर्ड कर, पण वहीही उघडी ठेव. टिचकी फोनमध्ये ऐकू येते, कान लावलेला दिसत नाही. आणि छापण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखव, लिहिता-वाचता येणाऱ्यांनासुद्धा. कुठे कपाळाला आठी पडते तेवढं बघ.

पहिली मुलाखत झाली की टिपणं आहेत तशीच माझ्याकडे पाठव, नीटनेटकी करत बसू नकोस. बोलीतला एखादा शब्द कसा लिहावा ते कळलं नाही, तर रात्री फोन कर आणि जसा ऐकलास तसा म्हणून दाखव. मी जागा असतो.