पॉयरोचं हे पुस्तक इतकं पडलं कसं?

प्रश्न: ताई, मी अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराचा जबरा फॅन, सीताबर्डीहून जुनी पुस्तकं गोळा करून सिरीज वाचून राहिलो. आता ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ वाचलं अन् डोकंच गेलं. नुसत्या गप्पा, एकाकडून उठून दुसऱ्याकडे, तेच ते पुन्हा! चार विग आणि मालकिणीलाच चावणारा कुत्रा आला तिथंच मला सगळं समजून गेलं, पॉयरोला मात्र शेवटपर्यंत वेळ लागतो. आता पॉयरोची शेवटची केस, ‘कर्टन’, घरात पडलंय, तेही असंच असेल तर वाचूच नये म्हणतो.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: अरे नाही बाप्पा, ‘कर्टन’ सोडू नको! छापून आलं 1975 मध्ये, पण बाईंनी ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलं होतं, म्हणजे एकदम फॉर्मात होत्या तेव्हा. तू वाचलंस ते 1972 चं, तेव्हा त्या 82 वर्षांच्या होत्या आणि पॉयरोवर लिहिलेली ती त्यांची शेवटची कादंबरी.

तुझी चिडचिड बरोबरच आहे. मला तर त्यातला वर्षांचा घोळ जास्त खुपतो, ज्या नवरा-बायकोच्या मृत्यूचं कोडं आहे ते मृत्यू नेमके किती वर्षांपूर्वी झाले हेच धड जुळत नाही, आणि केस उभी जुन्या आठवणींवर, मग वाचकानं पकडायचं काय? पुढे टोरंटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले, तर या पुस्तकात शब्दसंपत्ती फार आटलेली निघाली, बाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला असावा अशी अभ्यासकांना शंका आली. ती शंकाच, पण ते वाचल्यापासून मला बाईंवर राग धरवत नाही. पुस्तक कमजोर आहे ते आहेच.

आयडिया वाईट नव्हती पण. 1942 च्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्येही हेच आहे, मुलीला आईवडिलांचं जुनं प्रकरण उकलून हवंय, 16 वर्षं उलटलेली, हाताशी फक्त लोकांच्या आठवणी. पण तिथं पाच जण आपापली हकिगत लिहून देतात आणि तोच दिवस प्रत्येकाच्या कागदावर वेगळा दिसतो, मग कोण काय लपवून राहिलाय हे आपण ओळीओळीत शोधत बसतो. तेच या पुस्तकात नाही, इथं माणसं बोलतात अन् निघून जातात.

‘पिग्ज’ राहिलं असेल तर आधी ते वाच. मग 1920 चं पहिलं, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, पुन्हा चाळून घे, कारण ‘कर्टन’ त्याच घरात घडतं आणि पॉयरोचा मित्र हेस्टिंग्जही परत येतो. आणि शेवट कोणी सांगायला लागलं तर तिथून सरळ उठून जा!