दगडी, इंजेक्शन आणि दुधाचा नमुना

एका दूध उत्पादक ताईंनी दगडीबद्दल, म्हणजे गाईच्या कासेच्या सुजेबद्दल, तीन प्रश्न विचारले आहेत. तसेच प्रश्न गोठ्या-गोठ्यात ऐकू येतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

त्या लिहितात: "माझी एचएफ गाय दुसऱ्या वेताची. मागच्या उजव्या सडातून गाठी येतात. शेजारच्या दादांच्या गाईला ज्या इंजेक्शननं दोन दिवसांत गुण आला, तेच आम्ही पाच दिवस दिलं, पण काडीचा फरक नाही. औषध बनावट होतं का? नंतर डॉक्टरांनी दूध तपासून घेतलं. रिपोर्टात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असं नाव आहे. पेनिसिलिनपुढे २६ आणि 'आर', जेंटामायसिनपुढे १६ आणि 'एस'. २६ चं वर्तुळ मोठं, मग ते औषध नापास कसं? आणि दूध डेअरीला कधी घालायचं?"

ताई, औषध बनावट असेलच असं नाही. दगडी हे कासेच्या सुजेचं नाव आहे, जंतूचं नाही. तुमच्या आणि दादांच्या गाईची कास बाहेरून सारखीच सुजलेली दिसेल, पण आत एकीच्या स्ट्रेप्टोकॉकस असेल, दुसरीच्या स्टॅफिलोकॉकस, तिसरीच्या शेणातून आलेला ई. कोलाय.

आता पेनिसिलिनचंच पाहा. जिवाणूच्या अंगाभोवती एक कडक भिंत असते, विणलेल्या जाळीसारखी. जिवाणू वाढताना ही जाळी सतत विणावी लागते आणि तिच्या धाग्यांना गाठी मारण्याचं काम त्याची काही विकरं (एन्झाइम) करतात. पेनिसिलिन या विकरांना जाऊन चिकटतं. जिवाणू वाढतोय, जाळी सैल पडतेय, आतला दाब मात्र तेवढाच; शेवटी तो फुटतो. गाईच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून मार फक्त जिवाणूला बसतो. पण पुष्कळ स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनेज नावाचं विकर बाहेर सोडतात. ते पेनिसिलिनच्या रेणूतलं कडं तोडतं आणि औषध भिंतीपर्यंत पोचण्याआधीच निकामी होतं. असा जंतू असेल तर पाच दिवस काय, पंधरा दिवस तेच इंजेक्शन दिलं तरी उपयोग नाही. उलट जे थोडे जंतू मरण्यासारखे असतात ते मरतात आणि दाद न देणाऱ्यांना कास मोकळी मिळते. ई. कोलायला तर भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो, साधं पेनिसिलिन त्यातून नीट आत जात नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि जेंटामायसिन भिंतीला हात लावत नाहीत, ती जिवाणूचं प्रथिनं बनवण्याचं काम बिघडवतात. एन्रोफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या विकराला अडवतं. प्रत्येक औषधाचा घाव वेगळा आणि प्रत्येक जंतूची ढालही वेगळी.

कोणती ढाल आहे हे अंदाजानं कळत नाही, त्यासाठीच संवेदनशीलता चाचणी. मी प्रयोगशाळेत ही चाचणी शेजारी उभा राहून पाहिली आहे. नमुना आधी रक्त घातलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरून ३७ अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पिवळसर, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची वसाहत. त्यातले चार-पाच ठिपके उचलून सलाइनमध्ये ढवळतात आणि त्याचा गढूळपणा ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहतात. तो जुळला म्हणजे एका मिलिलीटरमध्ये साधारण १५ कोटी जिवाणू. गढूळपणा जास्त झाला तर सगळी वर्तुळं खोटी लहान येतात, म्हणून इथे घाई चालत नाही. मग ४ मिलिमीटर जाडीच्या आगरवर कापसाच्या काडीनं तीन दिशांनी लेप द्यायचा आणि औषध मुरवलेल्या, ६ मिलिमीटर रुंदीच्या कागदी चकत्या ठेवायच्या. १६ ते १८ तासांनी ताटली उघडली की सगळीकडे दुधावर साय धरावी तशी वाढ दिसते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल. एखाद्या चकतीला मात्र वाढ अगदी कडेपर्यंत भिडलेली असते. औषध चकतीतून बाहेर झिरपत जातं, दूर जाईल तसं विरळ होतं. जिथे ते जिवाणूला रोखण्याइतकं उरत नाही, तिथे गोलाची कड.

हा गोल मिलिमीटरमध्ये मोजतात. तुमचा खरा प्रश्न इथेच आहे. दोन औषधांचे गोल एकमेकांशी लावायचे नसतात. प्रत्येक चकतीत औषधाचं प्रमाण वेगळं, आगरमधून पसरण्याचा वेग वेगळा आणि जनावराच्या अंगात ते किती पोचतं तेही वेगळं. म्हणून प्रत्येक औषधाची मोजपट्टी स्वतंत्र. या जंतूसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात पेनिसिलिनला २९ किंवा जास्त हवेत, २८ आणि खाली म्हणजे 'आर', दाद देत नाही. जेंटामायसिनला १५ पुरेत, तेवढे आले की 'एस', म्हणजे दाद देतो. त्यामुळे २६ नापास आणि १६ पास. रिपोर्ट बरोबर आहे, ताई. 'आय' आलं तर मधली अवस्था; ते औषध वापरायचं का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पण 'एस' दिसलं म्हणून दुकानातून जेंटामायसिन आणून टोचू नका, ही कळकळीची विनंती. ताटलीवर औषध आणि जंतू समोरासमोर असतात, कासेत तसं नसतं. जेंटामायसिन टोचलं तर रक्तातून दुधात फार कमी उतरतं, शिवाय त्याचे अंश मूत्रपिंडात फार दिवस राहतात. त्यातून हा स्टॅफिलोकॉकस कासेत गाठी करून, पेशींच्या आत लपून बसतो. ताटलीवर मरणारा जंतू कासेत वाचतो तो असा. रिपोर्टातली 'एस' लिहिलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवा. कुठलं दुधात पोचतं, आत्ता उपचार करायचा की गाय आटवताना सडात औषधाची ट्यूब सोडायची, हे ते पाहतील. सुरू केलेला कोर्स मात्र दूध चांगलं दिसायला लागलं म्हणून मधेच तोडू नका. आणि या गाईची धार सगळ्यांच्या शेवटी काढा. हा जंतू धार काढणाऱ्याच्या हातावरून आणि मशीनच्या कपातून दुसऱ्या गाईकडे जातो.

दुधाबद्दल. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, शेवटच्या डोसपासून तेवढे दिवस मोजायचे. ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढा, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. उकळल्यानं ते पूर्ण जात नाही. अशा दुधाला विरजण लावून पाहा, पुष्कळदा दही लागतच नाही. विरजणातले जिवाणू मेलेले असतात. तेच दूध लहान लेकराच्या पोटात गेलं तर तिथल्या जिवाणूंवरही त्याचा मारा होतो.

आता नमुन्याचं, कारण सगळी तपासणी त्यावर उभी आहे. एकदा एका शेतकऱ्यानं औषधाच्या रिकाम्या बाटलीत दूध आणलं होतं, त्यात काहीच उगवलं नाही. नमुना पहिल्या इंजेक्शनच्या आधी घ्या. गाय तापानं फणफणली असेल तर डॉक्टर उपचार लगेच सुरू करतील, रिपोर्टासाठी थांबणार नाहीत. पण नमुना घ्यायला दोनच मिनिटं लागतात. निर्जंतुक बाटली दवाखान्यातून मागून घ्या. सड धुवून कोरडे करा, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा: आधी पलीकडचे, नंतर अलीकडचे. नमुना उलट क्रमानं, आधी अलीकडच्या सडांचा, म्हणजे पुसलेल्या सडांना हात लागत नाही. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढा, जमिनीवर नकोत. बाटली तिरपी धरा, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. ५ ते १० मिलिलीटर भरपूर झालं. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

बाटलीवर गाईचा बिल्ला क्रमांक, सड कोणता आणि तारीख लिहा. सोबतच्या चिठ्ठीत आजवर कोणतं औषध किती दिवस दिलं तेही लिहा, शेजारच्या दादांनी सुचवलेलं धरून. शनिवारी नमुना न्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर तो रविवारभर तसाच पडून राहील.