पथकात ताशा वाजवतो, सरावानंतर कानात शिट्टी वाजते. कापूस घातला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की यंदाच ताशा धरला, सरावाहून घरी आलं की कानात शिट्टी वाजत राहते, सकाळी जाते. कापूस पुरत नाही. पण म्हणून ताशा सोडायचीही गरज नाही.

मी पुण्यात अकरा वर्षं ताशा वाजवतोय. पहिली चार वर्षं कानात काहीच घालत नव्हतो. शिट्टी सकाळी जायची, म्हणून मीही निर्धास्त होतो. मग एका विसर्जनानंतर ती गेलीच नाही. आजही रात्री पंखा बंद केला की ऐकू येते. कान-नाक-घसा डॉक्टरांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायला लावली. आलेखावरची रेघ बरीचशी सरळ गेली होती आणि ४,००० हर्ट्झच्या बारीक आवाजापाशी खड्ड्यात पडावी तशी खाली आली होती. मोठ्या आवाजाने कान बहुधा तिथेच खचतो. गर्दीच्या हॉटेलात समोरचा ‘सात’ म्हणाला की ‘आठ’, हे मला आता नीट कळत नाही, कारण ‘स’सारखे बारीक आवाज आधी जातात.

आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सकाळी शिट्टी थांबली म्हणजे सगळ्या पेशी सावरल्या, असं धरून चालू नका.

किती जोराचा आवाज कानाला किती वेळ चालतो, त्याचा हिशेब असा (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप): ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, पुढे वाढणाऱ्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. आपला सराव दोन-अडीच तास चालतो, आणि ताशाच्या रांगेत मी फोनवर मोजलं तेव्हा आकडा १०० च्या वरच होता.

वादकांसाठी फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते घ्या. सगळे सूर सारखेच खाली येतात, त्यामुळे ठेका स्वच्छ कळतो. तोवर फोमचे स्वस्त प्लग चालतील, फक्त नीट घाला. बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर घातला न घातला सारखाच. पहिले दोन-तीन सराव स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटेल, हाताला ठेका परका वाटेल. तेवढं सोसा. ढोलाचा ठोका छातीत तसाच बसतो.

आवर्तनांच्या मधे पाणी प्यायला जाल तेव्हा रांगेपासून लांब जा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. घरी जाताना गाडीवर हेडफोन नकोतच, त्या रात्री कानाला शांतता द्या.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो.

आणि सरावाला दोन दिवस सुट्टी असेल तेव्हा एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. तो कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा शेजारी ठेवून बघता येईल.